अनुभव धागा: परदेशात मार्केटिंगची इंटर्नशिप आणि व्हिसाची स्पॉन्सरशिप

कोकणकडा
नात्यात, सोसायटीच्या ग्रुपवर, जुन्या कॉलेजच्या ग्रुपवर हल्ली एक प्रश्न सतत येतो. मुलगी बीएमएस करतेय किंवा मुलगा मार्केटिंगमध्ये एमबीए करतोय, परदेशात इंटर्नशिप हवी आहे, व्हिसा स्पॉन्सर करणारी कंपनी सुचवा. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी माहितीचा ढीग आहे, मार्केटिंगवाल्यांसाठी जवळपास काही नाही. म्हणून हा धागा. ज्यांनी केलंय, ज्यांचं फसलंय, जे भरतीच्या बाजूला बसतात त्या सगळ्यांनी लिहा. देश, साल आणि कोणत्या व्हिसावर, एवढं तरी द्या.

मी लंडनमध्ये एका ब्रँड टीममध्ये आहे आणि इंटर्नच्या मुलाखती घेते. माझं मत आधीच सांगते. इंटर्नला स्पॉन्सर करणारी कंपनी शोधण्यात वर्ष घालवू नका. कंपन्या खर्च करतात तो कायम नोकरीवर. इंटर्नशिप करायची मुभा ज्या परवान्यात आधीच असते, तो परवाना आधी मिळवा आणि मग कंपनी शोधा. कोणाला हे खोडून काढता आलं तर आनंदच आहे.

भाकरवडी
अमेरिका, बोस्टनजवळ. २०२२ ते आता. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा.

मार्केटिंगवाल्यांनी विद्यापीठ निवडतानाच एक गोष्ट बघायला हवी आणि ती रँकिंग नव्हे. आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या फॉर्मवर, कोर्सचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा सरकारी क्रमांक, छापलेला असतो. साध्या मार्केटिंगच्या मास्टर्सनंतर ओपीटी, म्हणजे शिकून झाल्यावर काम करायची परवानगी, मिळते १२ महिन्यांची. कोर्स स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतला असेल तर त्यावर आणखी २४ महिने. जानेवारी २०२२ मध्ये त्या यादीत जे २२ विषय वाढले त्यात बिझनेस ॲनालिटिक्स होता. त्यामुळे अनेक ठिकाणी मार्केटिंग ॲनालिटिक्सचे कोर्स स्टेम म्हणून चालतात. शेजारच्या इमारतीत जवळपास तेच विषय शिकवणारा साधा मार्केटिंगचा कोर्स मात्र चालत नाही. प्रवेश घ्यायच्या आधी विद्यापीठाला ई-मेल करून कोड विचारा. ब्रोशरवर विसंबू नका.

उन्हाळी इंटर्नशिप सीपीटीवर, म्हणजे शिकत असतानाच्या कामाच्या परवानगीवर, होते. सहसा एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावर. परवानगी विद्यापीठाचं कार्यालय देतं, कंपनीचा एक डॉलर लागत नाही. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने वापरली की त्या पातळीची ओपीटी हातची जाते, एवढं ध्यानात ठेवा. ओपीटीत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. ते दिवस मोजताना झोप उडते, हे मात्र कोणी आधी सांगत नाही.

आता एच-१बी, म्हणजे कंपनीने स्पॉन्सर करायचा नोकरीचा व्हिसा. लॉटरी सगळ्यांना माहीत आहे, वर्षाला ६५ हजार जागा अधिक मास्टर्सवाल्यांच्या २० हजार. मार्केटिंगला दुसरी एक अडचण आहे. या कामाला ठरावीक विषयाची पदवी लागतेच असं नाही, असं म्हणून मार्केट रिसर्च ॲनालिस्टचे अर्ज सर्रास नाकारले जात. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात त्यावर सामूहिक दावा झाला, २०२१ मध्ये तडजोड झाली आणि तशी नाकारलेली जुनी प्रकरणं पुन्हा उघडायचं यूएससीआयएसने (हे अर्ज तपासणाऱ्या सरकारी खात्याने) मान्य केलं. तरीही माझ्या वकिलाने पदाचं वर्णन लिहिताना 'ब्रँड', 'सोशल' असले शब्द बाजूला ठेवले आणि संख्याशास्त्र, सर्वेक्षण, किमतीची मॉडेल्स पुढे आणली. काम मी तेच करत होते, पण कागदावर ते पदवीशी जोडलेलं दिसलं पाहिजे. सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. अमेरिकेत राहूनच एफ-१ वरून बदल करणाऱ्यांना ते लागू नाही, असा खुलासा ऑक्टोबरात झाला. म्हणजे भारतात बसून एच-१बीवर मार्केटिंगची पहिली नोकरी, हा मार्ग आता धरूच नका.

तांबडापांढरा
भारतातून थेट अमेरिकेत इंटर्नशिप करता येते की! जे-१, म्हणजे देवाणघेवाण-प्रशिक्षणाचा व्हिसा. मी कोल्हापूरचा, हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला होतो. फ्लोरिडातल्या एका रिसॉर्टच्या सेल्स-मार्केटिंगमध्ये वर्षभर काम केलं. शिकत असाल किंवा पदवीला १२ महिने झाले नसतील तर इंटर्न म्हणून १२ महिन्यांपर्यंत जाता येतं. पदवी आणि वर्षाचा अनुभव असेल तर ट्रेनी म्हणून त्याहून जास्त.

यात बरेच जण गोंधळतात. जे-१ मध्ये स्पॉन्सर म्हणजे कंपनी नव्हे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने नेमलेल्या संस्था असतात, त्या डीएस-२०१९, म्हणजे व्हिसासाठी लागणारं प्रमाणपत्र, देतात. कंपनी फक्त यजमान. त्यामुळे एचआरला "तुम्ही स्पॉन्सर कराल का" असं विचारलं की ते दचकतात. "स्पॉन्सर संस्था माझ्याकडे आहे, तुम्ही डीएस-७००२ भरून सही करा," असं म्हटलं की गाडी पुढे सरकते. त्या फॉर्मात काय शिकवणार, कोण शिकवणार, सगळं टप्प्याटप्प्याने लिहायचं असतं. कारकुनी काम २० टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. आमच्या मॅनेजरने मला महिनाभर नुसतं एक्सेलमध्ये पत्ते भरायला बसवलं होतं, तेव्हा मी हाच फॉर्म काढून त्याच्यापुढे ठेवला. काम बदललं.

खर्च मात्र लई. संस्थेची फी, विमा, सेव्हिस (अमेरिकन सरकारच्या नोंदणीची) फी, तिकीट, सगळं आपलं. पगारातून निघालं, पण सावकाश. आणि एक चांगली बातमी: जे-१ नंतर दोन वर्षं मायदेशी राहायची जी अट अनेकांना लागायची, ती ज्या देशवार कौशल्य यादीवरून ठरते तिच्यातून ९ डिसेंबर २०२४ ला भारताचं नाव निघालं. सरकारी पैशावर गेलेल्यांना अट अजून आहे.

कोकणकडा
तांबडापांढरा, झकास. फॉर्म पुढे ठेवण्याचा किस्सा आमच्या इंटर्नना सांगू नका म्हणजे झालं.

निळी सायकल
जर्मनी, आधी कलोन, आता बर्लिन. मी इंग्रजीतला मास्टर्स केला आणि मार्केटिंगला भाषा किती लागते ते इथे कळलं. कोड लिहिणाऱ्या मित्राचं इंग्रजीवर भागलं. मला मात्र घोषवाक्य जर्मन ग्राहकाच्या कानाला कसं लागतं हे कळल्याशिवाय कोणी टेबलाशी बसू देईना. जर्मनची बी२ पातळी झाल्यावर फोन यायला लागले. त्याआधी जे मिळालं ते बर्लिनच्या स्टार्टअपमध्ये, आणि तेही परफॉर्मन्स मार्केटिंगमध्ये. जाहिरातीचे आकडे बघायचे, बोली लावायची, मजकूर दुसरं कोणी लिहिणार. भाषा कच्ची असेल तर शिरायला ही फट चांगली आहे.

इथे इंटर्नशिप दोन प्रकारची. अभ्यासक्रमात सक्तीची असलेली फ्लिश्तप्राक्टिकुम आणि स्वेच्छेची. सक्तीचीला किमान वेतन लागू नाही. स्वेच्छेची तीन महिन्यांवर गेली की लागू होतं, २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो आणि २०२६ पासून १३.९०. म्हणून बऱ्याच जाहिरातींत 'फक्त सक्तीच्या इंटर्नशिपसाठी' असं सरळ लिहिलेलं असतं. विद्यार्थी परवान्यावर वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, मार्च २०२४ च्या आधी १२० होते. सक्तीची इंटर्नशिप त्यात धरत नाहीत. कोर्स निवडताना अभ्यासक्रमात सक्तीचं सत्र आहे का ते बघा. माझ्या लेखी सगळ्यात मोठी खुबी हीच.

पुण्या-मुंबईत शिकता शिकता यायचं असेल तर तोही रस्ता आहे. चार सत्रं झालेली हवीत, इंटर्नशिप विषयाशी जोडलेली हवी आणि रोजगार खात्याच्या झेडएव्ही कार्यालयाची संमती हवी. कंपनीने कागद भरायचे. मोठ्या कंपन्यांना हे माहीत असतं, लहानांना तुम्हालाच समजवावं लागतं.

खान्देशी
कॅनडा. धाकट्या भावाचं सांगतो. जळगावातल्या एजंटने दोन वर्षांचा मार्केटिंगचा डिप्लोमा विकला. को-ऑप (कोर्सचा भाग असलेलं काम) मिळेल, मग तीन वर्षांचं वर्क परमिट, मग पीआर, म्हणजे कायम वास्तव्य. पैसे भरले डिसेंबर २०२४ मध्ये. १ नोव्हेंबर २०२४ नंतर अर्ज करणाऱ्या डिप्लोमावाल्यांना वर्क परमिटसाठी विषयाची अट लागली होती आणि मार्केटिंग त्यात बसत नाही. पदवीवाल्यांना ती अट नाही. एजंटला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. भावाला को-ऑप मिळाला, काम चांगलं आहे, पण कोर्स संपला की परत. वडिलांनी शेत गहाण ठेवलंय. आणखी काही लिहावंसं वाटत नाही. सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा, एजंटच्या पीडीएफवर जाऊ नका.

गच्चीवरचा
खान्देशी, वाईट वाटलं. भाऊ पदवीच्या कोर्सला बदलू शकतो का, हे एखाद्या परवानाधारक सल्लागाराला विचारा. एजंटला नाही.

माझा अनुभव यूकेचा. भारतीयांसाठीच्या यंग प्रोफेशनल्स स्कीमबद्दल लोकांना का माहीत नाही कळत नाही. वय १८ ते ३०, पदवी, खात्यात २,५३० पौंड आणि नशीब. वर्षाला ३,००० जागा, बॅलटमध्ये (सोडतीत) नाव घालायला पैसे लागत नाहीत. नाव निघालं तर दोन वर्षं कुठेही काम करा, कोणाच्याही स्पॉन्सरशिपची गरज नाही. दादरला एका एजन्सीत असताना माझं नाव निघालं. मँचेस्टरला तीन महिन्यांची इंटर्नशिप, मग त्याच ठिकाणी करार. मुदतवाढ मात्र नाही. त्याच कंपनीने पुढे घेतलं तर घेतलं, नाहीतर सामान बांधायचं.

कोकणकडा
गच्चीवरच्यांना दुजोरा. आमच्याकडे असा अर्ज आला की चाळणीत अडकतच नाही.

यूकेत शिकणाऱ्यांसाठी दोन मुद्दे. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, आणि स्वतंत्र धंदा अजिबात नाही. ओळखीच्या कॅफेचं इन्स्टाग्राम फ्रीलान्स सांभाळणंही त्यात येतं. मार्केटिंगची मुलं नेमकी इथेच घसरतात. शिक्षणानंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर हे चालतं. तो सध्या दोन वर्षांचा आहे, १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिन्यांचा होणार. नंतर स्किल्ड वर्कर, म्हणजे कंपनीने स्पॉन्सर केलेल्या नोकरीच्या व्हिसासाठी, पगाराची सर्वसाधारण पायरी एप्रिल २०२४ मध्ये वर्षाला ३८,७०० पौंड झाली आणि २२ जुलै २०२५ पासून ४१,७००. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना सवलत आहे, पण ३३,४०० सुद्धा लंडनबाहेरच्या ज्युनियर मार्केटिंगवाल्याला सहज मिळत नाहीत. परवानाधारक स्पॉन्सरांची यादी सरकार जाहीर करतं, ती उतरवून घ्या. फक्त यादीत नाव असणं म्हणजे ते तुम्हाला घेणार असं नव्हे. आमचंही नाव आहे, आणि मार्केटिंगसाठी आम्ही ते क्वचित वापरतो.

फोंडेकार
दुबई. गोव्यातून माझ्या बहिणीला 'सोशल मीडिया इंटर्न, व्हिसा कंपनीचा' अशी ऑफर आली आणि मागोमाग व्हिसाच्या खर्चाचे पैसे भरायचा निरोप. तिथल्या २०२१ च्या ३३ क्रमांकाच्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च कामगाराकडून सरळ किंवा आडमार्गाने घ्यायला मनाई आहे. आम्ही तसं लिहून पाठवलं, तिकडून उत्तरच नाही. खरी ऑफर बहुतेक वेळा तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयामार्फत येते आणि तपासता येते. "आधी व्हिजिटवर या, मग बघू" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

परळ नाका
कोकणकडाताई, तुमचं मत थोडं खोडून काढतो. सिंगापूरमध्ये ट्रेनिंग एम्प्लॉयमेंट पास असतो, इंटर्नसाठी अर्ज कंपनीच करते. मुदत जास्तीत जास्त तीन महिने, वाढत नाही, आणि महिन्याला किमान ३,००० सिंगापूर डॉलर द्यावे लागतात. म्हणून लहान एजन्सी त्या वाटेला जात नाही, पण मोठ्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपन्या घेतात. मला तिथे नेलं ते मुंबईतल्याच बॉसने. लोअर परळला एका आंतरराष्ट्रीय एजन्सीत इंटर्न होतो, सिंगापूरच्या टीमशी रोज कॉल व्हायचे, त्यांनी ओळखलं.

परदेशी नोकरीसाठी इंटर्नशिप परदेशातच करावी लागते असं नाही. मुंबईत जगभरच्या एजन्सींची कार्यालयं आहेत. तिथे कायम झालात की वर्षभरानंतर अंतर्गत बदलीची दारं उघडतात. अमेरिकेच्या एल-१ या बदलीच्या व्हिसाला मागच्या तीन वर्षांत सलग एक वर्ष त्याच समूहात काम हवं, आणि पद व्यवस्थापकाचं किंवा विशेष ज्ञानाचं. नवख्याला ते मिळत नाही, पण पाचेक वर्षांनी मिळालेली माणसं मी पाहिली आहेत.

कोकणकडा
परळ नाका, मान्य. सिंगापूरपुरतं मत मागे.

चहा बिस्किट
मी भाकरवडीताईंना विचारते. जानेवारीपासून ओहायोत मास्टर्स सुरू होतोय. इंटर्नशिपच्या ऑनलाइन अर्जात 'आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का' असा प्रश्न असतो. हो लिहिलं की त्याच रात्री नकार येतो, असं सीनियर म्हणतात. नाही लिहावं का?

भाकरवडी
पुढे एच-१बी लागणार असेल तर 'हो'च लिही. खोटं उत्तर नंतर ऑफर काढून घ्यायला पुरेसं असतं. मोठ्या कंपन्यांची यंत्रं 'हो'वर गाळतात हे खरं आहे. म्हणून त्यांच्या पोर्टलवर कमी वेळ घाल आणि माजी विद्यार्थ्यांमार्फत मध्यम आकाराच्या कंपन्यांत माणसाला गाठ. त्यांच्याकडे वकिलांचा ताफा नसतो, त्यामुळे व्हिसा म्हटलं की घाबरतात. पहिल्याच ई-मेलमध्ये भीती घालव. मी साधारण असं लिहायचे: "मी एफ-१ वर आहे. उन्हाळ्यातल्या कामाची परवानगी माझं विद्यापीठ देतं. तुमच्याकडून फक्त ऑफरचं पत्र लागेल, त्यात कामाचं स्वरूप, तारखा, आठवड्याचे तास आणि कार्यालयाचा पत्ता. शुल्क नाही, वकील नाही, लॉटरी नाही." खाली आपल्या कामाचा एक नमुना जोड, त्यांच्याच एखाद्या जाहिरातीवर केलेला. जानेवारीत सुरू करतेयस म्हणजे पहिला उन्हाळा बहुतेक सीपीटीच्या आधीच येईल, ते विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात पहिल्या आठवड्यातच विचारून घे.