प्रवासासाठी प्लॅनआधी फोन तपासा
नेटफ्लिक्सचा महागडा प्लॅन घेतला की घरच्या टीव्हीवर आणि गाडीत फोनवरही चित्र सारखंच चांगलं दिसतं, असं एकाने लिहिलंय. टीव्हीपुरतं पटलं, फोनचं नाही. वाइडवाइन म्हणजे व्हिडिओची चोरून कॉपी होऊ नये म्हणून फोनमध्ये असलेली सुरक्षा; अँड्रॉइड फोनला तिची वरची पातळी एल1 नसेल, नुसती खालची एल3 असेल, तर प्लॅन कितीही मोठा असो, नेटफ्लिक्स एचडी देत नाही. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'प्लेबॅक स्पेसिफिकेशन' उघडा, तिथे हे लिहिलेलं असतं. एकट्याने फोनवरच बघणार असाल तर 149 रुपयांचा मोबाइल प्लॅन खरंच पुरतो. त्यात चित्र 480पी, म्हणजे एचडीपेक्षा कमी दर्जाचं असतं आणि तो टीव्हीवर चालत नाही, तेवढं मान्य असलं म्हणजे झालं.

कोकण रेल्वेने जाणाऱ्यांनी तर नेटच्या भरवशावर बसूच नये. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि वाटेत असे बोगदे कितीतरी. घरच्या वायफायवर डाउनलोड करून घ्या. फक्त डाउनलोडलाही मुदत असते. काही सिनेमे-मालिका एकदा सुरू केल्या की 48 तासांत संपवाव्या लागतात. म्हणून आदल्या रात्री "जरा बघू" म्हणून प्ले दाबू नका, गाडीत बसल्यावरच सुरू करा.