मदत हवी आहे: मेंदूतला पू कमी झाला, तरी बाबा पुन्हा अडखळतायत

सई_न: बाबांना स्ट्रोक, डावी बाजू. सुधारत होते, तर ताप आणि फिट. स्ट्रोकच्याच जागी पू निघाला. भोक पाडून काढला, आता घरी आहेत, अँटिबायोटिक चालू. स्कॅनमध्ये गाठ बारीक झालीय. पण चार दिवस जीभ जड, चहाचा कप तोंडाशी नेताना उजवा हात हेलकावतो, निम्मा चहा बशीत. पुन्हा स्ट्रोक का? सोमवारच्या ओपीडीपर्यंत थांबू? प्लीज लवकर.

रानवाटा: डावी बाजू शरीराची की मेंदूची? औषधं कुठली, किती दिवस? शुगर?

खडूस_काका: मेव्हण्याला असंच झालेलं. रोज तिळाच्या तेलाने मालीश, तीन महिन्यांत चालायला लागला.

गोधडी: काका, डोक्यात पू झालाय, मालीश कुठे करणार? सई, दात दाखवलेत का? किडक्या दातातूनही जंतू मेंदूत जातात.

सई_न: शरीराची. शुगर आहे. दातांचं नंतर बघू हो! सहा आठवडे झाले औषधाला.

वांगीभात: मेडिक्लेम असेल तर घरच्या इंजेक्शनांची बिलं जपून ठेवा, आमची अडकली होती.

रानवाटा: नावं वाचा ना पाकिटावरची.

सई_न: सेफ्ट्रिॲक्सोन, नर्स येऊन देते. आणि मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या, दिवसातून तीनदा.

रानवाटा: मी आयसीयूत काम करते. मेट्रोनिडाझोल आठवडेच्या आठवडे चाललं की क्वचित लहान मेंदूला बाधतं. बोलणं अडखळतं, तोल जातो, हात हेलकावतात. एमआरआयवर लहान मेंदूत दोन्हीकडे सारखे डाग दिसतात. वेळीच थांबवलं तर बहुतेकांचं उतरतं. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, गोळी परस्पर बंद करू नका. नवा स्ट्रोक किंवा पू मेंदूतल्या पोकळीत फुटणं, हेही बघायला लागेल. सोमवार विसरा, आत्ता फोन लावा. गुंगी, उलट्या, खूप डोकं दुखणं असलं तर थेट कॅज्युअल्टी.

खडूस_काका: पोट बिघडलं की मी हीच गोळी घेतो. काही होत नाही.

गोधडी: पाच दिवस घेता, काका. हे सहा आठवडे चाललंय.

रानवाटा: पायांना मुंग्या येतात का? आणि तो स्कॅन कधीचा?

सई_न: मुंग्या येतात, आम्ही शुगरमुळे धरून चाललो होतो. स्कॅन दहा दिवसांपूर्वीचा, तेव्हा बोलणं नीट होतं. फोन लावलाय, एंगेज येतोय.

रानवाटा: एंगेज असेल तर निघा तशाच. गोळ्यांची पाकिटं आणि जुनी फिल्म सोबत घ्या.