पाटणच्या सड्यावर पवनचक्की: वाऱ्याचा अंदाज कसा घ्यावा?

कातळवाडी: पाटण तालुक्यात सड्यावर (डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर), साधारण 1100 मीटर उंचीवर जागा आहे. कडा 30 मीटरवर. अ‍ॅपवर वाऱ्याची वार्षिक सरासरी 5.2 मीटर प्रतिसेकंद दिसते. 5 किलोवॉटच्या पवनचक्कीवर विहिरीची मोटर चालवायची आहे. एवढ्यावर ऑर्डर द्यावी का?

घनफळ: नको. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनावर असते, सरासरीत तेच लपतं. समजा जून ते ऑगस्ट वेग 9 आणि बाकी नऊ महिने 4. सरासरी 5.25 येते, म्हणजे तुमच्या अ‍ॅपएवढीच. घन करून बघा: 729 गुणिले 3 आणि 64 गुणिले 9. जवळजवळ 80 टक्के ऊर्जा त्या तीन महिन्यांत, जेव्हा विहीर भरलेली आणि मोटर बंद! चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या पवनचक्क्यांना हे चालतं, कारण त्यांची वीज ग्रिडमध्ये जाते. तुम्ही मार्च-एप्रिलचा वारा वेगळा काढा.

शिवाय कंपनीचा पॉवर कर्व्ह, म्हणजे कुठल्या वेगाला किती वीज हा आलेख, हवेची घनता 1.225 किलो प्रति घनमीटर धरून असतो. तुमच्याकडे ती 1.05 च्या आसपास भरेल, म्हणजे त्याच वेगाला साधारण 14 टक्के वीज कमी.

बूम_आणि_ताण: मोजायचंच तर 20 मीटरचा मास्ट (उभा खांब), कप अ‍ॅनिमोमीटर (वाट्या फिरवून वेग मोजणारं यंत्र) वर एक आणि 10 मीटरवर एक, दिशेसाठी व्हेन, आकडे नोंदवणाऱ्या लॉगरवर दर 10 मिनिटांची सरासरी आणि प्रमाण विचलन (वेग किती वरखाली होतो ते). बूम, म्हणजे सेन्सर धरणारा आडवा दांडा, मास्टच्या व्यासाच्या निदान आठपट लांब घ्या आणि नैर्ऋत्य-पश्चिमेच्या वाऱ्यात सेन्सर मास्टच्या आडोशाला येऊ देऊ नका. व्हेनची उत्तर दिशा होकायंत्राने लावताना मास्टपासून लांब उभं राहा, लोखंडाने सुई फिरते. जांभ्यात माती वीतभरच, त्यामुळे तणाव्यांचे (मास्ट ताणून धरणाऱ्या तारांचे) अँकर कातळात ड्रिल मारून ग्राउटने (सिमेंटच्या पातळ गाऱ्याने) बसवा. अर्थिंगचा रोध उन्हाळ्यात तपासा. सुक्या जांभ्यात तो फार चढतो.

कातळवाडी: मास्ट कड्याजवळच लावू ना? तिथे वारा जास्त लागतो.

बूम_आणि_ताण: लागतो, पण तिरका. सडावाघापूरचा उलटा धबधबा ज्या वाऱ्याने वर उडतो, तोच हा: कड्याला आपटून वर चढणारा. कप त्यातला उभा झोतही थोडाफार मोजतो, म्हणून आकडा फुगतो. पात्यांना मात्र त्याचा उपयोग नाही, उलट बेअरिंगवर असमान भार येतो. मास्ट आणि चक्की दोन्ही कड्यापासून मागे सरकवा.

घनफळ: आणि निदान 12 महिने मोजा. फक्त पावसाळ्याचे आकडे घेतलेत, तर परत तिथेच फसाल.