'माझा प्रवास' संपत आलं, पुढे काय वाचू?

मंडळी, मदत हवी आहे. सासूबाईंना हल्ली बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून रात्री जेवणं आटोपली की मी त्यांना विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' वाचून दाखवते. वरसईचा हा गरीब भिक्षुक घरचं कर्ज फिटावं म्हणून दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघतो आणि १८५७ च्या बंडात सापडतो. झाशीला वेढा पडला तेव्हा स्वारी शहरातच! सासूबाईंना मात्र लढाईपेक्षा गंगेच्या कावडीची काळजी. ती वरसईला पोचते की नाही, हे रोज विचारतात.

आता अडचण. आमची प्रत चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली छापलेल्या आवृत्तीवरची आहे आणि त्यांनी मूळ मजकुरात बरेच फेरफार केले होते. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून काढलेली आवृत्ती कुणी मोठ्याने वाचून पाहिली आहे का? जीभ अडखळते का?

शिवाय यानंतर काय घेऊ? 'स्मृतिचित्रे' दोनदा झालं. कादंबरी नको, नायिका रडायला लागली की ह्या झोपतात. स्वतःच्या आयुष्याबद्दल कुणीतरी सरळ सांगतंय, असं काही हवं. तुमच्या उशाशी सध्या काय आहे?