बिना-एसीच्या अल्टो ८००ला एसी बसवला. सिग्नलवर गरम हवा, गाडी पळाली की गार

सोलापूरकर_८००
अल्टो ८००, स्टँडर्ड मॉडेल, कंपनीचा एसी नव्हता. जुन्या बाजारातून अल्टोचाच किट आणून बसवून घेतला. कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप), कूलिंग कॉइल (डॅशबोर्डमागची, हवा गार करणारी) आणि वायरिंग जुनं. कंडेन्सर (रेडिएटरपुढची, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) आणि ड्रायर बॉटल (गॅसमधली ओल शोषणारी) नवीन. गॅस आर-१३४ए, वजन न करता भरलेला. ६०च्या वेगाला छान गार होतं. सिग्नलला दोन मिनिटं थांबलं की हवा कोमट आणि इंजिन थरथरतं. दुपारी ४० डिग्रीत, आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) दाबाचे गेज: लो (कॉम्प्रेसरमध्ये जाणाऱ्या गॅसचा) ६०, हाय (बाहेर पडणाऱ्या गॅसचा) ३४० पीएसआय. मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसर गेला. बदलावा का?

गेजवाला
अजिबात नको. कॉम्प्रेसर झिजला की लो चढतो आणि हाय पडतो, दोन्ही काटे एकमेकांकडे सरकतात. तुमचे दोन्ही वर आहेत. म्हणजे कॉम्प्रेसर दाब देतोय, पण कंडेन्सरमधून उष्णता बाहेर पडत नाहीये. मुख्य कारणं तीन: कंडेन्सरवर हवा कमी, गॅस जास्त, किंवा व्हॅक्यूम (गॅस भरण्याआधी पंपाने आतली हवा ओढून घेणं) नीट न केल्याने आत राहिलेली हवा. तिन्ही वेगळी ओळखता येतात.

आधी आत राहिलेल्या हवेचं बघा. रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळी, इंजिन बंद, बॉनेटखालचं तापमान मोजून गेज लावा. दोन्ही काटे सारखेच दिसतील. शुद्ध आर-१३४ए असेल तर २५ डिग्रीला साधारण ८२, ३०ला ९७, ३५ला ११४ पीएसआय. यापेक्षा १०-१५ने जास्त दिसलं तर आत हवा किंवा भेसळ आहे. गॅस पूर्ण काढून पुन्हा व्हॅक्यूम करावाच लागेल. आकडा बरोबर आला तरी गॅस किती आहे हे मात्र यावरून कळत नाही. आत थोडा जरी द्रव असला तरी दाब तोच राहतो. ‘गाडी बंद असताना प्रेशर आहे, म्हणजे गॅस फुल’ हे ठोकून सांगणारे इथेच चुकतात.

मग आयडलवर एसी चालू ठेवून कंडेन्सरवर पाइपने पाणी सोडा. हाय झपाट्याने २२०-२३०वर आला आणि आत गारवा सुरू झाला तर दोष हवेच्या प्रवाहाचा. पाणी पडूनही लो ५०च्या वरच राहिला आणि गारवा नाहीच, तर गॅस जास्त असण्याची शक्यता मोठी.

वायरिंग_कट्टा
माझा संशय सरळ पंख्यावर. एसी नसलेल्या गाडीत रेडिएटरचा पंखा फक्त कूलंट तापलं की फिरतो. एसीला तो कॉम्प्रेसरचा क्लच (कॉम्प्रेसर इंजिनला जोडणारा भाग) ओढल्याबरोबर फिरायला हवा. थंड इंजिनवर एसी लावून बघा, पंखा लगेच सुरू होतो का. झाला तर जाळीसमोर कागद धरा, तो आत ओढला गेला पाहिजे. बाहेर ढकलला जात असेल तर पंख्याच्या दोन तारा उलट जोडल्यात. जुन्या किटमध्ये हे नेहमी सापडतं, कारण उलटा पंखाही ‘फिरतोय’ असंच दिसतं. आणि पळताना समोरची हवाच काम करते म्हणून दोष झाकला जातो.

कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या कडेच्या फटीही बघा. तिथे फोमची पट्टी नसेल तर इंजिनची गरम हवा वळून पुन्हा कंडेन्सरपुढे येते. शंभर-दीडशेचं काम, पण फरक मोठा.

सोलापूरकर_८००
सकाळी २९ डिग्रीला ९४ दाखवलं. पाण्याने हाय २३०, गारवा आला. पंखा एसी लावल्यावर फिरत नाही, इंजिनच्या तापमानाचा काटा चढल्यावरच फिरतो. दिशा बरोबर आहे. फोम नाही. एसीबरोबर पंखा चालू करायला रिले (विजेवर चालणारा स्विच) कसा जोडायचा?

वायरिंग_कट्टा
चार पिनांचा, डायोडवाला १२ व्होल्ट रिले घ्या. ३० नंबरला बॅटरीची तार, बॅटरीजवळच २० अँपिअरचा फ्यूज. ८७ पंख्याच्या पॉझिटिव्हला. ८६ला कॉम्प्रेसर क्लचची तार, ८५ बॉडीला. मूळ रिले तसाच राहू द्या. दोघांपैकी कोणीही पंखा चालू करू शकेल. आधी एवढं तपासा: मूळ वायरिंग पंख्याचं पॉझिटिव्ह जोडतं की अर्थ (बॉडीकडची निगेटिव्ह बाजू). अर्थ जोडत असेल तर वरची जोडणी चालणार नाही, नवा रिले अर्थच्या बाजूला लावावा लागेल. तार किमान २.५ चौरस मिलीमीटर.

थरथर वेगळी आहे. एसीचं बटण दाबल्याचा सिग्नल ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) गेला नाही तर आयडल वाढत नाही आणि ८०० सीसीचं इंजिन भार घेताना दबतं. एसी मॉडेलच्या वायरिंग आकृतीवरून ती तार जोडून घ्या. थ्रॉटलचा स्क्रू फिरवून आयडल वाढवू नका. शिवाय ब्लोअर, पंखा आणि हेडलाइट चालू ठेवून आयडलवर बॅटरीचं व्होल्टेज मोजा. १३च्या खाली गेलं तर अल्टरनेटर कमी पडतोय.

गेजवाला
तुमच्या आकड्यावरून आत हवा नाही. तरी पंखा सुधारल्यावर गॅस रिकव्हरी मशीनने काढून वजनाने भरा. नुसता हवेत सोडू नका. एसी मॉडेलच्या स्टिकरवरचं वजन आधार धरा. ४५० ग्रॅमचा कॅन ‘संपेपर्यंत’ भरणं हेच जास्त गॅस होण्याचं नेहमीचं कारण.

सिस्टीम रिकामी असतानाच कॉम्प्रेसर खोलून तेल मोजून काढा. काळं किंवा चमकीचं असेल तर कॉइल आणि पाइप फ्लश करा (आतून धुऊन काढा), ड्रायर पुन्हा नवीन. तेल कॉम्प्रेसरवर लिहिलेल्या प्रकारचंच, बहुधा पॅग ४६. डबा उघडा ठेवू नका, ते हवेतली ओल शोषतं. ओ-रिंग (जोडांतल्या रबरी कड्या) सगळ्या आर-१३४एला चालणाऱ्या, बहुधा हिरव्या, तेल लावून बसवा. नायट्रोजनने १५० पीएसआय भरून साबणाच्या फेसाने जोड तपासा, मग किमान ४५ मिनिटं व्हॅक्यूम. पंप बंद करून काटा अर्धा तास हलला नाही तरच गॅस.

हायवेला तासाभराने झोत कमी झाला आणि एसी दहा मिनिटं बंद ठेवल्यावर परत आला, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. जुनी कॉइल बसवताना तिच्या पातळ पत्र्यांमध्ये खोचायचा तापमानाचा सेन्सर बरेचदा बाहेर लोंबकळत राहतो. डॅशबोर्ड परत उघडणार असाल तर तेही बघून घ्या.