काजूच्या टरफलात एवढे जहाल तेल, मग पालवी निराधार का?

प्रश्न – पेडण्याचा बागायतदार
पाऊस सरला की आमच्या काजूंना नवी पालवी फुटते आणि तिच्या मागोमाग ढेकण्या नावाचा किडा येतो. कोवळ्या दांड्यावर आधी पाणी भरल्यासारखे डाग उमटतात, मग ते काळे पडून शेंडा करपल्यासारखा वाळतो. याच झाडाची बी फोडताना टरफलातले तेल हाताला लागले, तर कातडी सोलवटून निघते. ज्याच्यापाशी असे रसायन आहे, ते झाड आपली पालवी का राखू शकत नाही?

उत्तर – वनस्पतिशास्त्राचा शिक्षक
टरफलातील तेलात मुख्यतः अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल असते, व त्याचा साठा बीभोवती असतो, कारण झाडाचा पुढचा वंश तिथे आहे. पानांचे संरक्षण वेगळ्या रीतीने होते. अनेक झाडांच्या पानांतील टॅनिन हे तुरट द्रव्य पान खाणाऱ्या किडीच्या पोटात अपाय करते. पण हा उपाय पान कुरतडणाऱ्या अळीवर चालतो. ढेकण्या कुरतडत नाही. तो सोंड खुपसून लाळ सोडतो आणि विरघळलेला रस ओढतो. आपण पाहता तो डाग त्या लाळेचा आहे.

झाड स्वस्थ बसते असे मात्र नाही. जखम होताच पेशींत जॅस्मोनिक आम्ल तयार होते आणि त्याच्या इशाऱ्याने किडीचे पचन रोखणारी प्रथिने बनू लागतात. बटाटा आणि टोमॅटो यांवरील प्रयोगांत ग्रीन आणि रायन यांनी 1972 साली दाखवले की, भुंग्याने एक पान खाल्ले तरी न दुखावलेल्या पानांतही अशी प्रथिने वाढतात. या तयारीला काही तास लागतात, आणि दोन दिवसांच्या कोवळ्या शेंड्याला तेवढी उसंत नसते.

उत्तर – सत्तरीकर
सागवानातही हेच दिसते. आमच्या जुन्या घराच्या चौकटीत सालीलगतचे फिकट लाकूड वाळवीने पोखरले आहे, पण गाभ्याला तिने तोंड लावलेले नाही, कारण टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये गाभ्यात साठतात. त्याच सागाची पाने मात्र अळ्या खाऊन टाकतात आणि शिरांची नुसती जाळी उरते.

काजूपाशी आणखी एक उपाय आहे, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. त्याच्या कोवळ्या पानांवर आणि मोहरावर मधुरस पाझरणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. त्या रसासाठी मुंग्या येतात आणि पानांची घरटी शिवणाऱ्या तांबड्या मुंग्या ढेकण्यालाही धरतात. आपल्या बागेत त्यांची घरटी आहेत का?

पेडण्याचा बागायतदार
होती. चावतात म्हणून दरवर्षी आम्हीच ती तोडून जाळत आलो. बोंडू आम्ही खाली पडलेलेच वेचतो, त्यामुळे झाडावर हात घालण्याची वेळ क्वचितच येते. यंदा ओढ्याकडच्या झाडांवरील घरटी तशीच ठेवतो आणि पालवी आली की दोन्ही बाजूंचे शेंडे मोजून इथे कळवतो.