मावशीच्या बागेतली झुडपं: ओळख आणि छाटणीसाठी मदत हवी आहे

मावशी गेली आणि तिची बाग माझ्याकडे आली. याआधी मी कुंडीत एक रोपही लावलेलं नाही. पण ही झुडपं तिने स्वतःच्या हाताने वाढवली आहेत, माझ्या अज्ञानापायी त्यातलं एकही जाऊ नये असं फार वाटतं. जास्वंद, मोगरा, गुलाब ओळखता येतात. चार ठिकाणी अडले आहे. फोटोत काही धड दिसत नाही, म्हणून लिहूनच सांगते.

कुंपणालगत माझ्या डोक्याच्या वर गेलेलं एक झुडूप आहे. पानं समोरासमोर, गडद, चकचकीत. पान खुडलं की देठातून पांढरा चीक येतो. फुलं पांढरी, पाच पाकळ्यांची, भिंगरीच्या पात्यांसारखी एकीकडे वळलेली. ही तगर ना?

तिच्या शेजारचं लांब, अरुंद, जाडसर पानांचं आहे. एकेका पेरावर तीन-तीन पानं, फुलं गुलाबी. याच्या बऱ्याच वाळक्या फांद्या तोडून ढीग करून ठेवलाय. बाकीच्या पाल्याबरोबर जाळल्या तर चालतील का?

गुलाबाच्या बुडातून एक फुटवा निघालाय, तो बघता बघता सगळ्या फांद्यांच्या वर गेला. कळी मात्र एकही नाही. झाडाने जोम धरला म्हणून आनंद झाला होता, आता शंका येतेय.

आणि चौथं, ज्याच्यासाठी खरं तर हा धागा काढला. कमरेएवढं, तुकतुकीत पानांचं. थंडी संपता संपता मी ते चहूबाजूंनी कातरून गोल केलं. उन्हाळा सरला, पाऊस आला, पण एक कळी धरली नाही. नवी पानं पिवळी पडताहेत, शिरा तेवढ्या हिरव्या. लहानपणी मावशीच्या टेबलावर वाटीभर पाण्यात एक फूल तरंगत असायचं. पांढरंशुभ्र, खोलीभर वास, आणि दुसऱ्या दिवशी पिवळसर झालेलं. ते याचंच असावं. मी ते झाड मारलं का?

प्रतिसाद १
आधी त्या ढिगाचं बघा. अजिबात जाळू नका! तीन-तीन पानांची ती कण्हेर. तिचं मूळ, पान, फूल, बी सगळंच विषारी. वाळल्यावरही विष जात नाही आणि धूरसुद्धा घातक असतो. हातमोजे घालूनच हात लावा, गुराढोरांच्या तोंडी लागेल अशी कुठे टाकू नका. तगर तुम्ही बरोबर ओळखलीत.

चौथं म्हणजे अनंत. पांढरं फूल पिवळं पडण्याच्या आठवणीवरूनच कळलं. मेलेला नाही, नवी पानं येताहेत ना! तो बहुतेक कळ्या आधीच्या हंगामात वाढलेल्या फांद्यांवर धरतो. तुम्ही टोकं कातरलीत, त्याबरोबर त्या वर्षीची फुलं गेली. छाटायचाच तर बहर ओसरल्या ओसरल्या, आणि तोही हलका. जास्वंद, मोगरा यांचं वेगळं, ती नव्या फुटीवर फुलतात, त्यामुळे छाटणी त्यांना मानवते.

पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तीही कोवळ्या पानांवर, म्हणजे लोह कमी पडतंय. अनंताला आम्लधर्मी माती लागते. माती चुनखडीची किंवा पाणी जड (क्षारांचं) असेल तर लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोहखत) पाकिटावरच्या प्रमाणात द्या, बुडाशी कुजलेल्या पाल्याचा थर घाला, आणि पाणी साचत नाही ना ते बघा.

एक विनंती. निदान एक वर्ष मेलेल्या काड्यांपलीकडे काही कापू नका. कुठलं झुडूप कधी फुलतं ते वहीत लिहून ठेवा. फांदी मेली की जिवंत हे कळत नसेल तर नखाने साल जरा खरवडा. खाली हिरवं ओलसर असेल तर जिवंत.

प्रतिसाद २
गुलाब कलमी असेल तर तो फुटवा खालच्या खुंटाचा, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधलंय त्याचा, असू शकतो. खुंट जोरात वाढतो आणि वरच्या कलमाला उपाशी ठेवतो. पानांवरून ठरवू नका, एका पानात सात पर्णिका (छोटी पानं) दिसली की काही जण तो खुंटाचा फुटवा धरतात, पण ती खूण फसवते. बुडाची माती उकरून बघा. कलमाची फुगीर गाठ दिसेल. फुटवा गाठीच्या वरून आला असेल तर ठेवा, खालून आला असेल तर जिथून निघालाय तिथूनच ओढून काढा. वरून नुसता कापला तर पुन्हा फुटतो.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. ढीग जाळणार नाही, आजच वेगळा काढून झाकला. गुलाबाची माती उकरली. गाठ सापडली, फुटवा तिच्या चार बोटं खालून निघालाय. पाऊस झाल्याने माती मऊ होती, ओढला तसा मुळाशी सुटून आला. अनंताच्या चार काड्या मला वाळलेल्या वाटत होत्या, त्या खरवडल्या. तीन हिरव्या निघाल्या.